अकरावी आळंबी

"रोशनी, पळ! गजेंद्रकाकाची मशीन निंगाली!" तिची मैत्रीण काजल ओरडली.

रोशनी धावत सुटली. केळझरच्या रस्त्यालगतचा, शेजारच्या अण्णाजींचा जुना आंबा आज तुटणार होता, आणि तोही तिच्या एका वाक्यामुळे!

काल अण्णाजींनी विचारलं होतं, "तू विज्ञानात हुशार. झाड सडलं का वं?"

सायकलवरून न उतरताच ती म्हणाली होती, "हो! अकरा नारिंगी आळंब्या. एक तर खोडावरच!"

"आमची डॉक्टरीण!" म्हणत अण्णाजींनी पाठ थोपटली होती. ती थाप आता टोचत होती.

दोघी बांधावर पोचल्या, तेव्हा रोशनीचा धाकटा भाऊ रत्नदीप आधीच मान वर करून मोजत होता.

"ताई, दहाच हायेत! अन् साऱ्या त्या वाळल्या फांदीवर."

"नीट मोज!"

"दहाच! अकरावी चालत गेली काय?"

गजेंद्रकाका करवतीची दोरी ओढायला वाकले. "सरका रे पोट्टेहो! तुयाच बहिणीनं सांगतलं, झाड सडलं."

"मग काका," रोशनी करवतीपुढे उभी राहिली, "आळंबी सडक्या लाकडावरच उगवते. खोडावर एक तरी दाखवा. दाखवली की कापा!"

"त्यात काय!" काका खोडाभोवती फिरले. "हे काय? नारिंगी!" त्यांनी बोट पुढे केलं.

"नका, काका!" रोशनीनं त्यांचा हात धरला.

दिसायला अगदी आळंबीच. पण फांदीवरच्या कडक, कोरड्या होत्या. हिच्यावर मऊ लव होती. ती हलत होती... श्वास घेत होती! दोन इवले कान उघडले आणि नारिंगी-काळे पंख पसरून एक चिमुकलं वटवाघूळ भुर्रकन उडालं. काका मागच्या मागे चिखलात बसले!

"अरे बाप! आळंबी उडाली!"

काजल पोट धरून हसली. रोशनीला मात्र हसू येईना. समोरून अण्णाजी येत होते.

"अण्णाजी, मी काल जवळ गेलेच नव्हते. लांबूनच सांगितलं. खोड चांगलं आहे. चूक माझी आहे."

अण्णाजींनी खोडावर हात फिरवला, मग तिच्या डोक्यावर. "गजेंद्र, मशीन उचल. वाळली फांदी तेवढी पुढं पाहू." ते तिच्याकडे वळले. "'चुकलो' म्हनायले मोठ्यायची जीभ रेटत नाई, पोरी. शाब्बास!"

रोशनीनं मान खाली घातली. मग हळूच पानांत पाहिलं. ते वटवाघूळ परत येईल ना?

ती बांधावर बसली. आज लांबून नाही, अगदी जवळ.