औषध न मिळालेला चोर

आमच्या गावातले म्हातारे दिवसा खोटं बोलतात. ओरेस्तेकाका निदान रात्र पडेपर्यंत थांबतात.

परवा जेवणानंतर चौकातल्या कट्ट्यावर कलिंगड खाताना त्यांनी सुरुवात केली. "माझ्या ओळखीचा पोरगा आहे. इलारियो. इस्पितळात नर्स."

"मागच्या वेळी भूत तुमच्या मेव्हण्याला दिसलं होतं," माझा दोस्त मिर्को म्हणाला.

"बिया थुंक आणि गप्प बस."

गेल्या वर्षीची दहा ऑगस्टची रात्र. सान लोरेन्झोच्या सणाची. पडते तारे बघायला अख्खा गाव टेकडीवर गेलेला. पावणेबाराला इलारियो ड्यूटी संपवून स्कूटरवरून घरी निघाला होता. वाटेत जेल्सोमिनाआत्याने हात केला. ड्यूकचं जुनं औषधघर ती सांभाळते. तिकीट काढलं की वरच्या खोलीतली जुनी खुर्ची आणि बरण्या बघायला मिळतात.

"वरच्या खोलीतला दिवा राहिलाय रे. माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. आणि हे बघ, कुणी हात पुढे केला, तर न शिवता 'थांबली' म्हणायचं आणि निघून यायचं."

"काय थांबली, आत्या?"

"नाडी. आम्ही सगळे तेच म्हणत आलो."

"चारशे वर्षांचे पेशंटपण मीच बघायचे? पगार वाढवा मग!" हसत त्याने किल्ली घेतली.

दारावरची पाटी आम्हाला शाळेत पाठ करायला लावली होती : ड्यूकने इथे शास्त्राला आश्रय दिला. कसा दिला, ते पाटीवर नाही. ते काकांनी सांगितलं. फाशीचे दोन चोर आणले. दोघांनाही त्याच खुर्चीत बसवून विष पाजलं. दरबारी वैद्याचा नवा उतारा एकालाच दिला. पहाटे जिवंत असेल तो सुटणार, हा ड्यूकचा शब्द. उतारा मिळालेला जगला.

दुसराही जगला.

मग उताऱ्याची थोरवी काय राहिली? वैद्याने ड्यूकसमोर दुसऱ्याचं मनगट धरलं. म्हणाला, "थांबली." तसाच पुरला त्याला.

इलारियोने दिवा बंद केला. अंधारात खुर्ची करकरली.

"भाऊ..."

एक हात पुढे आला. डावा. मातीने माखलेला.

"तुला यातलं कळतं ना? बघ. खरं सांग. कुणी एकाने खरं सांगितलं, तरी सुटेन मी."

इलारियोची बोटं आपोआप मनगटावर गेली. सवय.

गार मनगट.

ठक्... ठक्... ठक्...

चालू होती.

"सांग ना, भाऊ."

खरा शब्द इलारियोच्या जिभेवर आला. मग आत्याचे शब्द आठवले.

"...थांबली."

हात हळूच मागे गेला. शिवी नाही. रडणं नाही. खुर्ची एकदाच करकरली. परत बसला असावा.

काकांनी कलिंगडाची साल खाली ठेवली.

"म्हणजे सुटला असता तो," मी म्हणालो. "तुम्ही लोकांनी पोराला खोटं पढवून पाठवलं."

काकांनी सालीकडे बघितलं. "औषधाच्या दुकानामागे राहतो इलारियो. जा. विचार त्यालाच."

मी गेलो. मिर्को कोपऱ्यावरच थांबला.

दार इलारियोनेच उघडलं. मी काही विचारायच्या आत त्याने डावा हात पुढे केला.

"बघ," म्हणाला. "खरं सांग, भाऊ."

मी मनगट धरलं. चांगलं गरम होतं.

बोटांखाली... काहीच नव्हतं.