बहिरूची पाळी

सांगा सांगा म्हणून किती डोकं खाल? सावळेरामाची गोष्ट ऐकण्यात काय मजा आहे, ते तुमच्यासारख्या पोट भरून आलेल्यांनाच ठाऊक. सांगतो. पण मधेच 'मग?' विचारलंत तर उठून जाईन.

आंबेगावात, घोडनदीच्या अल्याड, एक रंगाचा कारखाना होता. तो बुडाला, मालक पळाला, मागं राहिली तांबडी माती आणि तांबडं पाणी. कारखान्याच्या भिंतीला लागूनच सावळेराम आणि त्याचा चुलतभाऊ बहिरू यांची सामाईक विहीर. पाण्याची पाळी बापजाद्यांपासून ठरलेली. सोमवार सावळेरामाचा, गुरुवार बहिरूचा.

बहिरू कारखान्यात कामाला होता. पिंपातली घाण लांब नेऊन टाकायचा त्याला कंटाळा. ओतली आपल्याच विहिरीत. सावळेरामानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि गावात सांगितलं. तर बहिरूनं भैरवनाथाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, की दादाच खोटारडा आहे, त्याचा माझ्या रानावर डोळा आहे. गावानं शपथ मानली. गाव म्हणजे काय, मेंढरं. पुढं बहिरू खोकून खोकून मेला, पण बोललेलं काही त्यानं मागं घेतलं नाही.

मग विहीर साफ करायला पुण्याहून सुदर्शन नावाचा इंजिनेर आला, डोक्यावर पिवळी टोपी घालून. त्यानं तांबडी माती उकरून डंपरनं हलवली. विहिरीवर मोटार बसवली आणि पाणी कोळशाच्या टाक्यांतून गाळायला घेतलं. रानाकडं जाणारी जुनी पाइपलाइन सिमेंट ओतून बुजवली.

आणि पहिल्याच गुरुवारी दुपारी मोटार हवा ओढायला लागली. विहीर तुडुंब, मोटार कोरडी. तिकडं बहिरूच्या रानात, त्याच्या बायकोनं, चिमाबाईनं केलेल्या मेथीत, तांबडं पाणी फिरलेलं. पुढच्या गुरुवारी तेच. मेथी पिवळी पडून बसली.

सुदर्शननं चारचौघांत सावळेरामाला पाणीचोर म्हटलं. चिमाबाई त्याच्या तोंडावर म्हणाली, की भाऊ मेला, आता भावजयीचं रान जाळून घशात घाला. मेंढरांनी माना हलवल्या. पुन्हा पाणी आलं तर पोलिसात देतो, असं सुदर्शननं बजावलं. म्हातारपणी बेड्या, त्याही विधवेचं रान जाळलं म्हणून.

पुढच्या गुरुवारी सावळेराम स्वतःच सुदर्शनकडं गेला. त्याला मनगटाला धरून बहिरूच्या बांधावर आणून बसवला.

"बसा सायेब. माझ्याकडं बघा आन् पाटाकडं बघा. तिसरीकडं न्हाई."

ऊन डोक्यावर आलं. वारा पडला. लांबून मोटारीची घरघर येत होती, ती एकाएकी पोकळ झाली, रिकाम्या घशासारखी. पाखरं बोलायची थांबली. कारखान्याचा तो कडवट औषधी वास रोजचाच; पण आता तो भिंतीकडून येत नव्हता. जवळून येत होता, माणसाच्या कपड्यांना यावा तसा.

मग पाटात पाणी आलं. कुठून आलं ते दिसलं नाही. सरपटत वाफ्याच्या तोंडाशी येऊन थांबलं आणि समोरची माती फुटली. खोऱ्यानं नव्हे, टाचेनं.

सावळेरामानं ती टाच ओळखली. वाफ्यांना पाणी द्यायला दारं धरताना खोरं न उचलता टाचेनं माती ढकलणारा ऐतखाऊ अख्ख्या शिवारात एकच होऊन गेला होता. वाफा भरला, टाचेनंच बुजला. पुढचा फुटला. चिखलात टाचांचे खड्डे पडत निघाले. वर माणूस नव्हता.

"आजोबा... कोण आहे तिथं..."

"गप बसा. आमच्या भाऊकीतलं हाय."

भीती सावळेरामालाही वाटत होती, पण त्याला राग आधी यायचा. हळूच म्हणाला, "बहिऱ्या, मेलास तरी अक्कल न्हाई आली? चिमीचं रान हाय हे. तिनं खायचं काय?"

पाणी थांबलं. टाचा वळल्या. कोरड्या बांधावर ओले ठसे उमटत आले, एकामागं एक, आणि दोघांच्या पुढ्यात थांबले. वासानं सुदर्शनचे डोळे गळायला लागले. कानाशी आवाज आला, नरड्यात पाणी भरल्यासारखा.

"मीच वतलं ना दादा... मग निम्मं माजंच की..."

सुदर्शननं टोपी काढून गावासमोर सावळेरामाला हात जोडले. चिमाबाई त्याच्या पाया पडली. सुदर्शननं तिला टाक्यांवर कामाला लावलं, रान पडीक राहिलं. आम्हाला वाटतच होतं, असं गाव म्हणालं. म्हणणारच. विहीर हिशेबापेक्षा लवकर निवळत चालली, तर सुदर्शन त्याचं श्रेय कोळशाला देतो. गुरुवारी दुपारी मोटार मात्र बंद ठेवतो.

आता एवढंच. सावळेराम आपला रांजण गुरुवारी रात्री पालथा घालून झोपतो. शुक्रवारी सकाळी तो दाराशी उताणा असतो, काठोकाठ भरलेला. पाणी नितळ. सुदर्शननं तपासून आणलं. पिण्याजोगं आहे म्हणाला, पण त्या विहिरीचं नाही, आसपासच्या कुठल्याच विहिरीचं नाही. सावळेराम ते उकिरड्यावर ओततो. पाणी भरून माफी होत नसते, तोंडानं म्हणावं लागतं.

परवाच्या शुक्रवारी दाराच्या फळीवर बाहेरून ओल होती. बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. रात्रभर कुणी ओठ टेकवून उभं राहावं तशी. सावळेरामानं आतली कडी काढली नव्हती. काढणारही नाही म्हणतो.

बाकी सगळ्यांचे हात जोडून झालेत. राहिलाय तो बहिरू.