हातावरचं दही

दही झटपट विरजायला सिंगापूरसारखी हवा नाही. रात्री विरजण लावावं तर पहाटे आंबूनच जातं. म्हणून सुलेखानं त्या दिवशी दुपारी दूध कोमट केलं, चमचाभर विरजण घातलं आणि पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं. संध्याकाळी मुलगी, जावई आणि नात विमानतळावर जाताना तिच्याकडे डोकावणार होते. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायचं, तर ते घरचं हवं. दुकानातल्या डब्यातलं चालत नाही, असं तिची आई म्हणायची. आई आणखीही एक म्हणायची... ज्यानं हातावरचं दही खाल्लं, त्याला घर ओढून आणतं.

ही सहल खरं तर निशिकांतची. सुलेखाचा नवरा तरुणपणी कॅनडातल्या माँट्रियलच्या विद्यापीठात शिकायला निवडला गेला होता. वडील अचानक गेले, घराचा भार अंगावर पडला आणि जाणं राहिलं ते राहिलंच. पुढे नोकरीनं सिंगापूरला आणलं, बुकित पंजांगमध्ये फ्लॅट घेतला, मुलगी मोठी झाली. पण त्या शहराचा जुना नकाशा हॉलच्या भिंतीवरून कधी हलला नाही. नात इरा मांडीवर बसण्याएवढी झाल्यापासून तो तिला बोट धरून त्या नकाशातून फिरवायचा. इथं नदी, इथं दगडी चर्च, इथं डोंगरावर जायचा जिना.

डिसेंबरात त्यानं सगळ्यांची तिथली तिकिटं काढली. फेब्रुवारीत एका संध्याकाळी फिरून आला, सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "अगं, पाणी दे जरा." सुलेखा पेला घेऊन बाहेर आली तेव्हा पाणी प्यायला कोणी नव्हतं.

"बाबांना आवडलं असतं आपण गेलेलं," असं लेक निहारिका म्हणाली, आणि जायचं ठरलं. सुलेखानं गुडघ्याचं निमित्त सांगितलं. शेजारची रिकामी खुर्ची बघत एवढं अंतर उडायची तिची छाती नव्हती.

संध्याकाळी तिघं आली. दारात बॅगा, खाली टॅक्सी येतेय, जावई प्रसन्न फोनमध्ये डोकं घालून. सुलेखानं दह्यात साखर कालवली. मुलीच्या हातावर दिली, जावयाच्या हातावर दिली.

"आई, विमानात चटणी-पोळी चालते का हो?" प्रसन्न बोटं चाटत म्हणाला.

"चालते. तुमच्या पोटात लपवून न्यायची."

सहा वर्षांच्या इरानं तळहात पुढे केला खरा, पण नाक मुरडलेलं. दही तिला जन्मापासून चालत नसे. "यक्की लाह, आजी." इथल्या पोरांसारखी ती वाक्याला सिंगापुरी 'लाह' जोडायची.

"एवढंस्सं. चाट पटकन."

आतून तिचा स्वेटर आणायला सुलेखा वळली. परत आली तर हात स्वच्छ.

"खाल्लंस?"

"फिनिश ऑलरेडी," इरा म्हणाली आणि बुटात पाय घालू लागली.

टॅक्सी गेली. लिफ्टचा आवाज विरला. सुलेखा आत आली तेव्हा टीव्हीशेजारच्या कपाटावरच्या फोटोकडे मुंग्या निघाल्या होत्या. निशिकांतच्या फोटोच्या काचेवर, बरोबर ओठांवर, चिमुकल्या बोटांनी दही फासलेलं होतं. साखर चमकत होती.

तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं. तिनं ओल्या फडक्यानं काच पुसली आणि सहज, अगदी सहज, म्हणून गेली, "जा हो तुम्हीही. बघून या एकदाचं."

गेलेल्या माणसाला कुणी 'जाऊन या' म्हणत नाही. दशक्रियेच्या वेळी गुरुजींनी बजावलं होतं, मागे वळून पाहू नका, हाक मारू नका. पण त्या क्षणी तिला ते आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठवलं, ते वेगळ्याच कारणानं. फेब्रुवारीपासून घरात त्याचा एक वास उरला होता. डोक्याचं तेल आणि गुडघ्यांना चोळायचा बाम. कपड्यांचं कपाट उघडलं की तो अंगावर यायचा. त्या सकाळी कपाट उघडलं तर नुसता लाकडाचा वास आला. सोफ्यावर त्याच्या बसायच्या जागी एक खळगा पडलेला होता, तिनं तो मुद्दाम कधी झटकला नव्हता. गादी फुगून सपाट झाली होती.

घर पहिल्यांदाच खरोखर रिकामं वाटलं. जसं कुणी कुलूप लावून गावाला गेलंय.

माँट्रियलचं आणि सिंगापूरचं घड्याळ उन्हाळ्यात सारखंच चालतं. काटे तेच, दिवस-रात्र तेवढी उलटी. इथले सकाळचे आठ म्हणजे तिथले संध्याकाळचे आठ. ती चहाचा कप घेऊन बसायची आणि इराच्या टॅबवरून फोन यायचा.

"आई, अगं आठ वाजलेत आणि केवढा उजेड आहे बघ!" निहारिका कॅमेरा फिरवायची. दगडी रस्ते, खिडक्याखिडक्यांतून लोंबणाऱ्या फुलांच्या परड्या, उघड्यावर मांडलेली टेबलं. कुणीतरी ॲकॉर्डियन वाजवत होतं. घंटा वाजल्या, जाड, सावकाश. नदीवरचा वारा टॅबमध्ये घुसून फरफरायचा. निहारिकाचा चेहरा इतक्या महिन्यांनी मोकळा दिसत होता. सुलेखाला बरं वाटलं.

"आणि तुझी नात! आज आम्ही चुकलो. नेट बंद, प्रसन्न गोल गोल फिरतोय. ही म्हणते, लेफ्ट लाह, तिथं जिना आहे. आणि होता!"

"आजोबांनी नकाशा पाठ करून घेतलाय तिच्याकडून," सुलेखा म्हणाली.

"नकाशात बेकरी पण असते का? पुढच्या कोपऱ्यावर बेकरी आहे, पण आज बंद आहे, असं आधीच सांगत होती."

दोघी हसल्या. सुलेखा थोडी उशिरा हसली.

फोटो येत राहिले. डोंगरावरून दिसणारं शहर. बागेत परातीएवढी गुलाबी फुलं. मेपलचं आइस्क्रीम हनुवटीवरून ओघळवणारी इरा. सुलेखा एकेक फोटो मोठा करून बघायची. तिसऱ्या-चौथ्या फोटोला तिच्या लक्षात आलं. इराचा उजवा हात काहीही करत असो, डावा तसाच होता. खांद्यापासून वर, जरासा बाहेर. मूठ अर्धवट मिटलेली. उंच माणसाचं बोट धरल्यावर लहान मुलाचा हात जसा राहतो, तसा.

तिनं फोन पालथा घातला. मग पुन्हा सुलटा केला, आणि, देव साक्षी, तिला आनंदच झाला. शेवटी बघितलंत ना, ती पुटपुटली.

पुढच्या फोनवर इरा एकटीच होती. मागे नदी. सूर्य उतरत चाललेला, पाणी तांब्याच्या भांड्यासारखं.

"आई कुठंय गं?"

"तिकडे. पप्पा फोटो काढतायत." इरानं आवाज खाली आणला. "आजी... आजोबा टायर्ड झाले."

सुलेखानं कप खाली ठेवला. "हो का? मग... काय म्हणतात?"

"सगळं बघून झालं म्हणतात. नाउ वॉन्ट टू गो होम."

"यायचंच आहे ना आता सगळ्यांनी. परवा विमान आहे."

इरानं मान हलवली. खूप वेळ. "मी नाही. मी दही खाल्लं नाही ना. माझं दही आजोबांनी खाल्लं." ती जरा थांबली, कुणाचं तरी ऐकल्यासारखी. "ज्यांनी खाल्लं, त्यांनाच घर ओढून आणतं. मी इथं पाण्याजवळ थांबायचं... आजी, लाँग टाइम थांबायचं का?"

सुलेखानं आईचं हे वाक्य इराला कधी सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघताना एकदाच, एकाच माणसाला सांगितलं होतं. तो हसला होता.

"निहारिका!" ती ओरडली. "आईला दे. आत्ता दे, इरा!"

निहारिका धावत आली. "काय झालं? आई, बरी आहेस ना?"

"तिला दही घाल. आत्ताच्या आत्ता. आणि पाण्याजवळ नेऊ नकोस. हात धरून ठेव तिचा."

"दही?" निहारिका टॅब घेऊन जरा बाजूला गेली. मग हलक्या आवाजात, "आई, इथं स्ट्रॉबेरीचं मिळतं, ते ती थुंकते. आणि हात कसा धरू? डावा हात देतच नाही. म्हणते, आजोबांनी धरलाय... आम्ही काही बोलत नाही गं तिला. आठवण येत असेल."

मागून प्रसन्न म्हणाला, "आई एकट्या आहेत, त्याचा त्रास होत असेल. बघ हं जरा." त्याला वाटलं, सुलेखाला ऐकू जात नाही.

फोन बंद झाला. सुलेखा फोटोपुढे जाऊन उभी राहिली. आयुष्यात तिनं नवऱ्यासमोर आवाज चढवला नव्हता. "अहो," ती म्हणाली, "लेकरू आहे ते. सोडा तिला. तुम्हाला... तुम्हाला यायचंच असेल तर मी काहीतरी करीन. पण तिच्या जागी नाही."

काचेत तिचाच चेहरा दिसत होता. खिडकीबाहेरून एलआरटी रेल्वेचा डबा सरकत गेला.

तिनं दही लावलं. स्टीलच्या डबीत घट्ट बसेल एवढंच. ते तिथं पोचवायचं कसं, हे तिला कळत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

शेवटच्या दिवशी निहारिकाचा फोन तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून आला. आवाज थकलेला. "घाबरू नकोस. पाच मिनिटं इरा दिसेना. बंदरावर गर्दी होती. धावत सुटलो. कठड्यापाशी उभी होती, एकदम शांत. टॅब तेवढा पाण्यात पडला."

"आणि ती?"

"ती ठीक आहे. उलट बरीच शहाणी झालीये. आणि आई... डावा हात सोडला. आता आपणहून आमचा हात धरते."

सुलेखानं देवापुढे दिवा लावला. पण हात जोडताना तिला विचारावंसं वाटलं ते तिनं विचारलं नाही.

विमान संध्याकाळी उतरलं. चांगी विमानतळाच्या काचेपलीकडून तिघं येताना दिसली. प्रसन्नच्या हातात बॅगा, निहारिका झोपाळलेली आणि मधे इरा, पाठीमागे दोन्ही हात बांधून चालत होती. रेंगाळत, आजूबाजूच्या कुंड्यांकडे बघत. सुलेखानं पर्समधली डबी काढली. तिथंच, लोकांच्या गर्दीत, इराच्या तळहातावर दही घातलं.

"आई, आता कशाला?" निहारिका म्हणाली. "आणि ती खाणार आहे का!"

इरानं सगळं खाल्लं. तळहात चाटला. मग एकेक बोट. डबीकडे बघून म्हणाली, "साखर जरा कमी आहे."

प्रसन्न हसला. "घ्या! कॅनडानं सुधारली पोरगी."

त्याला सकाळी वन-नॉर्थला ऑफिस गाठायचं होतं, निहारिकालाही. इराला आजीकडे ठेवून दोघं सेरंगूनला आपल्या घरी गेली. दार लागलं. इरानं बूट काढून जोडीनं भिंतीशी लावले, कधी लावत नसे. नकाशासमोर थोडी उभी राहिली, पण बघितल्यासारखी नाही. मग सोफ्यावर जाऊन बसली. बरोबर त्या जागी. गादी दबली. एवढ्याशा पोरीच्या वजनानं दबावी त्याहून बरीच जास्त.

"पाणी दे जरा," ती म्हणाली.

सुलेखा स्वयंपाकघरात गेली. तिनं पेला भरला. बाहेर आली तर इरा वाट बघत होती. तिनं पेला दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघटा, श्वास न घेता, तळाशी पोचली. मग डोळे मिटून मान मागे टेकवली.

"हां," ती म्हणाली. "आता बरं वाटलं."

सुलेखा शेजारी बसली. कधीचं तिला तिथं बसायचं होतं. खोलीत हळूहळू वास पसरत होता, तेलाचा, बामाचा... आणि तिला रडू आलं. भीतीनं आलं की कशानं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. एक छोटा गरम हात तिच्या पाठीवरून फिरत राहिला. ज्याला सवय असते, त्याचाच हात तसा फिरतो.

सकाळ झाली. ऊन हॉलमध्ये आलं. इरा आतल्या खोलीत झोपली होती. सुलेखानं चहा केला, टेबलाशी बसली. समोर दह्याची डबी, तळाशी थोडं उरलेलं. तिनं कालपासून ती धुतली नव्हती.

आठ वाजले आणि फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं, इराचा टॅब.

तो वाजतच राहिला. सुलेखानं हात लावला तर फोन बर्फासारखा गार. टेबलावर त्याच्याभोवती पाण्याची एक बारीक रेघ उमटली होती.

आतल्या खोलीतून झोपेतला, ओळखीचा, प्रेमळ आवाज आला. "अगं... नको उचलूस."

तिनं उचलला.

आधी फक्त उजेड दिसला, तांबूस, संध्याकाळचा. वाऱ्याची फरफर. लांब कुठंतरी घंटा. मग पडदाभर एक छोटा डावा तळहात, ओला, सुरकुतलेला, पुढे केलेला.

"आजी," पलीकडून हळूच आवाज आला. "थोडंसं दे ना. आता मी खाईन, लाह... खरंच खाईन."