समेवरचं बोट

गाण्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली वाचल्या. सूर-तालाच्या वाटेला मी गेलो नाही. तरी दिल्लीत मंडी हाऊसच्या सभागृहांत लोक मला दर्दी समजायचे. त्याचं सगळं श्रेय अलकनंदाचं, माझ्या बायकोचं.

लग्नानंतरच्या पहिल्याच मैफलीत मी भलत्याच ठिकाणी 'वा' म्हणालो होतो. गायकाने चमकून पाहिलं आणि हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून ती माझ्या डावीकडे बसू लागली. तालाचं चक्र फिरून पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर आलं, की माझ्या मनगटावर एक बोट टेकवायची. मी मान हलवायचो. स्टेनोची नोकरी असल्यामुळे टायपिंगने तिच्या बोटाचा शेंडा टणक झाला होता. हजारांत ओळखला असता. बाहेर आल्यावर चिडवायची, "आज काय दाद दिलीत हो!" चोवीस वर्षं आमचं हे गुपित चाललं.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात ती गेली. हॉस्पिटलात तिचा हात माझ्या हातात होता. नर्सने कसलासा फॉर्म भरायला बोलावलं. "आलोच," म्हणून मी हात सोडला आणि सात मिनिटांनी परत आलो. तेवढ्यात सगळं संपलं होतं. त्या सात मिनिटांइतकं वाईट मला कशाचंच वाटलं नाही.

निवृत्त झालो, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. आमची मुलगी चेतना एका परदेशी कंपनीत होती. तिने गुडगावात नवव्या मजल्यावर नवाकोरा फ्लॅट घेतला होता, तिथे गेलो. खाली मोहरीची शेतं आणि त्यांत उभ्या क्रेन. गाणं ऐकायला मी पुन्हा कुठे गेलो नव्हतो.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, चेतना मागे लागली. "बाबा, चलो ना. आपल्या क्लबहाउसमध्येच गाणं आहे. मी गुलाबरावकाकांनाही बोलावलंय."

गुलाबराव आमचे आर. के. पुरमचे शेजारी, हौशी तबलजी. ते माझ्या उजवीकडे बसले. डावीकडच्या रिकाम्या खुर्चीवर मी शाल ठेवली. हॉलला ताज्या रंगाचा वास येत होता. पुण्याहून आलेल्या गायिकेने तोडी सुरू केली.

थोड्या वेळाने माझ्या डाव्या मनगटावर बोट टेकलं.

मी सवयीने मान हलवली. मग खुर्चीकडे पाहिलं. शालीची घडी मोडलेली नव्हती.

गाणं संपल्यावर गुलाबराव म्हणाले, "जयंतराव, आज एक सम चुकली नाही तुमची. मी तर समजत होतो, वहिनीच तुम्हाला..." ते थांबले आणि चपला शोधू लागले.

बोट मात्र थांबलं नाही. लिफ्टमध्ये टेकलं. जेवताना टेकलं. मी घड्याळ लावून पाहिलं: दर त्रेचाळीस सेकंदांनी, एकाचाही फरक नाही. डॉक्टरांना दाखवलं. ईसीजी साफ होता. "इस उमर में नसें फड़कती हैं," ते म्हणाले. नस फडकली तर आतून फडकते. हे बाहेरून येत होतं, आणि त्याचा शेंडा टणक होता.

आठवड्याने अंतर वीस सेकंदांवर आलं. मग नऊवर.

मी गुलाबरावांना फोन केला. "लय वाढत गेली, तर त्याचा अर्थ काय?"

"गाणं संपत आलं. शेवटी तिहाई घेतात. एकच तुकडा तीनदा, तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर. बस, मग संपलं." मग त्यांनी विचारलं, "कुठली मैफल म्हणताय?"

मी फोन ठेवला.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. रडू आलं. गाणं संपलं की ती पुन्हा जाणार, आणि मी पुन्हा मागे राहणार. या वेळी काही झालं तरी हात काढायचा नाही, एवढंच मी ठरवलं. सगळं उजव्या हाताने करू लागलो. चेतना बघत असायची.

मंगळवारी तिने सुट्टी घेतली होती. दुपारी चार वाजता मी बाल्कनीत बसलो होतो. बोट इतकं भराभर पडत होतं की मोजता येईना. मग ते एकदा टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. त्याच्यामागून बाकीची बोटं आली. माझा हात पूर्ण धरला गेला.

स्वयंपाकघरातून चेतनाची हाक आली. "बाबा, चहा झालाय."

"आलोच," मी म्हणालो.

"बाबा, चहा झालाय."

"अगं, आलोच."

कप घेऊन ती बाल्कनीत आली, अगदी माझ्यासमोर. "बाबा, चहा..."

मी उत्तर दिलं.

तिने कप खाली ठेवला. माझं उजवं मनगट उचललं आणि त्यावर दोन बोटं टेकवून ती काहीतरी शोधत राहिली.

डावा हात मी सोडला नाही.