रंगवू नये

भिंतीला टेकून चहा प्यायची माझी जुनी खोड. त्या सोमवारी शाळेच्या जिन्याजवळ मी अशीच टेकले आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, ओला आहे!"

"चहा?"

"रंग!"

पाठ सोडवून घेतली तेव्हा माझा निम्मा निळा कुर्ता क्रीम झाला होता. शिडीवरून एक रंगारी घाईघाईने उतरत होता. केसांत रंग, कानामागे पेन्सिल, आणि हसू दाबताना वाकडे झालेले ओठ.

"पाटी त्या बाजूला लावलीय," तो म्हणाला. "तुम्ही मागच्या दाराने याल असं वाटलं नाही."

मीही हसणार होते. पण भिंतीकडे नजर गेली आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. इथे गेल्या अकरा वर्षांतल्या सातवीच्या मुलांच्या उंचीच्या रेघा होत्या, प्रत्येक रेघेपुढे नाव. आता नुसता क्रीम रंग होता, आणि मधोमध माझ्या पाठीचा ठसा.

"इथल्या रेघा...?"

"दोन हात मारलेत," तो अभिमानाने म्हणाला. "एकही दिसणार नाही."

दुपारपर्यंत सातवीच्या वर्गात रडारड झाली. मुख्याध्यापिका भडकल्या. हा माणूस पुन्हा शाळेत दिसता कामा नये, आणि आसपासच्या सगळ्या शाळांनाही त्या तसं कळवणार होत्या. मी शाळेची समुपदेशक, नोकरीला जेमतेम चार महिने झालेली. तरी गळ घातली, "बाई, कळवण्याआधी एक बैठक घेऊ द्या."

अशा बैठका मी पूर्वी एका कारखान्यात आणि पाण्यावरून भांडणाऱ्या एका सोसायटीत घेतल्या होत्या. त्यात शिक्षा ठरवत नाहीत. सगळ्यांनी गोल बसायचं. ज्याच्या हातात लाकडी चेंडू, त्यानेच बोलायचं. कोणाला काय लागलं ते ऐकायचं आणि ते भरून कसं काढायचं ते मिळून ठरवायचं. बैठक चालवणारीने मात्र स्वतःचं काही बोलायचं नाही, चेंडू तेवढा पुढे द्यायचा.

गुरुवारी मुख्याध्यापिका आणि सातवीची मुलं गोल बसली, आणि रंगारी इस्त्रीचा शर्ट घालून आला. केसांतला रंग तसाच होता.

चेंडू आधी सातवीतल्या एका मुलीकडे गेला. "माझ्या दादाची रेघ होती," ती म्हणाली. "तो लांब शिकायला गेलाय. मी रोज तिथे उभी राहून बघायचे, त्याला कधी गाठते ते. चार बोटं राहिली होती."

त्याचे कान लाल झाले, पण त्याने मान खाली घातली नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत तो तिच्याकडेच बघत राहिला. मी खरं तर सगळ्यांकडे सारखं बघायला हवं होतं... पण खरं सांगते, तो मला तेव्हाच आवडला.

"काका, तुम्हाला ही भिंत रंगवायला सांगितली कोणी?" तिने विचारलं.

"काका नको गं, दादा म्हण." मुलं हसली. चेंडू घेता घेता त्याचा दुसरा हात खिशाकडे गेला, एका गुलाबी कागदाचं टोक वर आलं... मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत आत सारला. "वाचण्यात माझीच चूक झाली."

शाळेत 'समुपदेशक' असं छापलेले गुलाबी कागद फक्त माझ्या टेबलावर असतात. कारकून रजेवर होते म्हणून कामाची चिठ्ठी मीच लिहिली होती.

पाणी प्यायला पाच मिनिटांची सुट्टी देऊन मी त्याला व्हरांड्यात गाठलं. "दाखवा."

मला लिहायचं होतं, 'जिन्याजवळची भिंत रंगवू नये.' पण घाईत 'न' अलीकडच्या शब्दाला जाऊन चिकटला होता. कागदावर स्वच्छ दिसत होतं, 'भिंत रंगवून ये.'

"ओळख ना पाळख, आणि एकदम 'ये'!" तो हळूच म्हणाला. "म्हटलं, बाई धीट दिसतात. तसं बरंही वाटलं... म्हणून तर दोन हात मारले."

"चेष्टा सुचतेय तुम्हाला? हे आत का नाही दाखवलंत?"

"मुलं तुमच्यासमोर मन मोकळं करतात. हे दाखवलं असतं तर सगळे तुमच्यावरच घसरले असते. मला काय, दुसऱ्या भिंती मिळतील."

"मिळणार नाहीत. बाई सगळ्या शाळांना कळवणार आहेत."

हे त्याला माहीत नव्हतं. चेहरा उतरला त्याचा. तरी चिठ्ठी त्याने माझ्याच हातात ठेवली. "तुम्हीच ठरवा मग."

परत येऊन बसले. चेंडू उचलला, आणि पुढे दिलाच नाही.

"आज मला बोलायचंय," मी म्हणाले, आणि चिठ्ठी दोन्ही प्रकारे वाचून दाखवली. "यांची चूक नाही. भिंत माझ्यामुळे गेली. मला माफ करा."

मग त्याच मुलीने विचारलं, "म्हणजे ताई, तुमचं अक्षर वाईट आहे?"

"फार वाईट आहे."

कोणीतरी फिस्कन हसलं. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला आणि हात पुढे केला. "इकडे द्या तो चेंडू... चिठ्ठीवर सही माझी आहे. मी ती न वाचता केली. कुठल्याही शाळेला काही कळवलं जाणार नाही."

मुलांनी तोडगा काढला. जुन्या विद्यार्थ्यांना बोलवायचं, रेघा पुन्हा मारायच्या. तीन शनिवार शाळेत जत्रा भरली. दाढीवाले तरुण गुडघे वाकवून, जुने फोटो हातात धरून, आपली सातवीतली उंची शोधत होते. त्या मुलीच्या दादाने आपलं जुनं आरोग्य कार्ड धुंडाळून फोनवर आकडा कळवला. रेघ मारल्यावर ती तिथे उभी राहिली आणि किंचाळलीच, "तीनच बोटं!"

रंगारी नावं लिहायचा आणि मी टेप धरायचे.

"टेप का हलतेय?" त्याने विचारलं.

"तुम्हीच हलवताय."

"मी? माझा हात तर केव्हाचा तुमच्या हातावर आहे... म्हणजे, टेपवर."

तिसऱ्या शनिवारी शेवटचं नाव लिहून झालं. आम्ही नळावर ब्रश धूत होतो. तो एकच ब्रश पुन्हापुन्हा धूत होता.

"काम संपलं," तो म्हणाला. "आता यायला काही निमित्त नाही."

"निमित्त लागतंच का?"

"रंगाऱ्याला लागतं. बोलावल्याशिवाय कोणाच्या घरी कसा जाणार?"

"आमच्या घरच्या भिंती चांगल्या आहेत," मी म्हणाले. "पण आई विचारत होती, रोज ज्याच्याबद्दल बोलतेस तो दिसतो तरी कसा..."

त्याच्या हातातला ब्रश थांबला. "माझ्याबद्दल? रोज?"

"रोज. मला तुम्ही आवडता. आता बोलून टाकलं."

नळ तसाच वाहत होता. शेवटी मीच तो बंद केला.

"रविवारी दुपारी येताय?" मी विचारलं.

"सकाळी येतो," तो म्हणाला. "दुपारपर्यंत धीर निघायचा नाही."