मळीच्या खड्ड्यातलं वंगण

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. हे माझ्या मेहुण्याच्या, ओस्मानीच्या बाबतीत घडलं. ती गाडी आजही आमच्या दारात उभी आहे.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. मंगळवार, भर दुपार. क्युबातलं आमचं लहानसं गाव. साखर कारखाना कधीचाच बंद पडलेला.

ओस्मानी सकाळपासून आपल्या त्रेपन्न सालच्या गाडीखाली उताणा पडला होता. स्टिअरिंग फिरवलं की चाक जरा विचार करून मग वळायचं. चाक वळवणाऱ्या दांड्याचा सांधाच झिजला होता.

आणि दुसऱ्या दिवशी बुधवार.

त्याच्या आईला, म्हणजे माझ्या सासूला, एनेइदाला, आठवड्यातून तीनदा शहरात डायलिसिसला न्यावं लागतं. एक फेरी चुकली की पाय सुजतात. दोन चुकल्या तर... ते आमच्या घरात कोणी बोलत नाही.

आमच्याकडे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. मेलेल्या गाडीतून काढायचे असतात.

तशी एक गाडी विधवा नीदियाच्या परसात गंजत होती. तिचा नवरा एवेलियो त्याच गाडीसकट कारखान्याच्या मळीच्या खड्ड्यात गेला होता. नवव्या दिवशी सापडला.

"दांडा ने, सांधा ने. लोखंडच आहे," नीदिया म्हणाली. "आतलं वंगण मात्र खरवडून फेक. ते नऊ दिवस त्याच्याबरोबर मळीत होतं."

"फेकतो, मावशी."

नाही फेकलं. गावात सहा महिन्यांत वंगणाचा डबा आला नव्हता. ते काळं वंगण त्यानं बोटांनी मळून मऊ केलं आणि पुन्हा सांध्यात भरलं. आमच्याकडे कुणीही हेच केलं असतं.

तेवढ्यात...

वास आला.

आंबलेल्या मळीचा. गोडसर, जड. आणि त्याच्या आत आणखी एक वास, कपाटामागे उंदीर मरून पडला की येतो तसा.

त्यानं हात साबणानं धुतले. मग रॉकेलनं. मग लिंबानं. संध्याकाळी भात आणि काळ्या घेवड्याचा घास तोंडाशी नेला, तर तोच वास. त्यानं ताट डुकरापुढे सरकवलं.

डुकरानं तोंड लावलं नाही.

बुधवारी गाडी मात्र नव्यासारखी वळत होती. कारखान्याच्या वळणापर्यंत.

तिथे स्टिअरिंग... आपोआप डावीकडे फिरलं.

मळीच्या खड्ड्याच्या बाजूला. हळूहळू, पण जोर लावून.

"झोपलास की काय?" मागून एनेइदा म्हणाली.

"रस्ता खराब आहे, आई."

"रस्ता चाळीस वर्षं खराबच आहे. आणि जरा आंघोळ करत जा. मळमळतंय मला तुझ्या वासानं."

घरी येऊन त्यानं सांधा उघडला. वंगण पातळ झालं होतं, शेंबडासारखी तार धरत होतं. त्यात काहीतरी चिकटलेलं होतं. त्यानं ते उजेडात धरलं.

नख.

मुळासकट निघालेलं माणसाचं नख.

त्यानं सांधा रॉकेलनं खळखळून धुतला आणि आत डुकराची ताजी, पांढरी चरबी भरली. शुक्रवारच्या फेरीनंतर पाहिलं तर चरबी काळी झाली होती. आणि त्यात...

दुसरं नख.

तो नीदियाकडे गेला. बसला नाही. एवेलियोला बाहेर काढलं तेव्हा तो कसा होता, एवढंच विचारलं.

तिनं ओस्मानीच्या हातांकडे पाहिलं.

"वर चढायची धडपड केली होती त्यानं. बोटं सोलून निघालेली. नख एकही नव्हतं." मग तिनं नाकाला रुमाल लावला. "वंगण फेकलं नाहीस ना?"

ओस्मानीनं सांधा काढून टाकायचं ठरवलं. गावातल्या लेथवाल्यानं नवा करून दिला. तो दुसऱ्याच फेरीत मोडला, आई गाडीत असताना. थोडक्यात वाचले दोघं. मग निमूटपणे जुनाच परत बसवला.

नखं दर वेळी निघत नाहीत. कधी मधे तीन-चार महिने जातात. ती त्यानं एका बरणीत ठेवली आहेत. मी पाहिली आहेत. झाकण लावूनही वास येतो. नखागणिक गाडीची खड्ड्याकडची ओढ वाढत गेली. गेल्या शुक्रवारी डावं चाक खड्ड्याच्या काठावरच गेलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी, दातओठ खाऊन गाडी मागे घेतली.

आज दुपारपासून सांध्यातून पुन्हा काळं ठिबकतंय. साफ केल्याशिवाय चाक वळणार नाही. पाना हातात घेऊन ओस्मानी गाडीशेजारी बसलाय. खाली सरकायला धजत नाही. मीही उंबऱ्यातच उभा आहे. वास इथवर येतोय.

आत्ताच सासूबाई बाहेर आल्या. सुजलेल्या पायांनी, भिंतीला धरून.

"आई, बरणीत नऊ झालीत. आता एकच राहिलंय," ओस्मानी म्हणाला.

"मला मोजता येतं," त्या म्हणाल्या. "पण उद्या बुधवार आहे."