हाकेला ओ

आईच्या घरातले दिवे, पंखा आणि दाराचं कुलूप मी कॉम्प्युटरला जोडून दिलं. बाबा गेल्यापासून ती एकटी, त्यात गुडघे कुरकुरणारे. बाहेरच्या खोलीतल्या स्क्रीनवर 'दिवा' लिहिलं की दिवा लागतो, 'दार' लिहिलं की कुलूप उघडतं. पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे फार सोपं आहे. टाइप केलेला शब्द उचलायचा आणि त्याच नावाचं फंक्शन, म्हणजे आधी लिहून ठेवलेलं काम, चालवायचं. नाव घ्या, काम हजर. त्या नावाचं फंक्शनच नसेल तर 'असं काही नाही' एवढंच उमटतं.

"तुझं यंत्र गुणी आहे गं," एका दुपारी आई म्हणाली. "हाकेला ओ देतं."

"कुणाच्या हाकेला?"

तिने चष्मा सावरला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: अहो.

खाली उमटलं: ओ.

मला हसूच आलं. जन्मभर तिने बाबांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नव्हती. पण 'अहो' नावाचं फंक्शन मी लिहिलेलंच नव्हतं. मी स्वतः टाइप करून पाहिलं: असं काही नाही. आईने केलं: ओ. सगळा कोड पिंजून काढला. शेवटी, असं फंक्शन आहे का, हे प्रोग्रॅमलाच विचारलं. तोही नाही म्हणाला.

आई मात्र हातातलं काम टाकून स्क्रीनपुढे बसायला लागली. ताटातलं अन्न गार व्हायचं.

"येऊ का म्हणून विचारलं," ती एकदा सहज म्हणाली, "तर म्हणाले, थांब जरा."

बाबा गेले तेवढं पुरे होतं. मी तिथेच बसून दिवा, पंखा, दार एवढेच शब्द ठेवले आणि बाकी सगळ्यांना वाट बंद केली. आईने माझ्याशी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत मटार सोलत होतो. स्क्रीन उजळली. कीबोर्डला कुणाचा हातही लागला नव्हता.

ऐकलंस का?

बाबा तिला अशीच हाक मारायचे.

"आले हं," म्हणत आई उठली. गुडघ्यावर हात न टेकता उठली.

मी तिचं मनगट धरलं. "आई, बस ना गं. मला भीती वाटतेय."

"सोड. ताटकळलं की चिडतात ते."

मी दुसऱ्या हाताने कॉम्प्युटरची वायर उपटली. स्क्रीन काळी झाली.

दाराचं कुलूप खट्कन उघडलं.